दोनदा हजर

सोमवारी पहिल्या तासाला चौथीच्या वर्गात ऋतुजा अहिरे दोनदा हजर होती. एक तिसऱ्या बाकावर बसलेली, दोन वेण्या घातलेली. दुसरी फळ्याजवळ उभी, रडत.

फळ्याजवळची ऋतुजा म्हणजे शनिवारचा फोटो होता. भागाकार जमेना म्हणून ऋतुजाला फळ्यापाशीच रडू कोसळलं होतं. तेव्हा वर्गशिक्षिका बागूलबाईंनी मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि ‘आमची रडूबाई’ असं लिहून पालकांच्या ग्रुपवर टाकला. पालकांनी हसरे चेहरे पाठवले. फोटो गुडघ्यापर्यंतच होता, त्यामुळे ही मुलगीही गुडघ्यापासूनच सुरू होत होती. त्याखाली काही नव्हतं. तरी ती योग्य उंचीवर होती.

“पुरे आता. डोळे पूस,” बाई तिला म्हणाल्या.

“पुसता येत नाहीत बाई. अशीच काढली आहे मला.”

बाईंनी हेडमास्तर देवरे सरांना बोलावलं. सरांनी दारातूनच डोकावून पाहिलं.

“पटावर आहे का?”

“मूळ मुलगी आहे. हिचं नाव नाही.”

“खिचडी खाते?”

“नाही सर. नुसती रडते.”

“मग वर कळवायची गरज नाही,” सर म्हणाले. “ग्रुपवरून फोटो काढून टाका.”

बाईंनी काढला. मुलगी जरा फिकी झाली, पण गेली नाही. फोटो तोवर कुणाच्या आत्याकडे, कुणाच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला होता. बाईंनी घरोघर फोन केले. काहींनी लगेच पुसला. एक आई म्हणाली, “इतका गोड आलाय, कशाला पुसायचा?”

मधल्या सुट्टीत इतर वर्गांतली मुलंही बघायला येऊ लागली. तिला मागची बाजू नव्हती. मागून पाहिलं की कोरा पांढरा कागद दिसायचा. बुधवारी तिसऱ्या बाकावरची ऋतुजा शाळेत आली नाही. गुरुवारीही आली नाही, तेव्हा संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या.

ऋतुजा ओट्याजवळ बसून मटार सोलत होती.

“शाळेत का येत नाहीस गं?”

“मी आहे की तिथं.”

“तो फोटो आहे.”

“सगळे तिलाच बघतात. मग मी कशाला येऊ?”

“अगं, ग्रुपवर सगळी आपलीच माणसं आहेत. आणि फोटो काढायला तुझ्या पप्पांनी जूनमध्ये सही दिलीय.”

“पण रडत मी होते,” ऋतुजा म्हणाली. “पप्पा नव्हते.”

बाईंनी गेल्या वर्षी ऑनलाइन सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतलं होतं. पासवर्ड कुणाला सांगू नये असं त्यात होतं, आणि बाईंनी तो नवऱ्यालाही सांगितला नव्हता. रडणाऱ्या मुलीबद्दल त्यात काही आलं नव्हतं. त्या ऋतुजाजवळ बसून मटार सोलू लागल्या.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “तुला विचारायला हवं होतं. आता काय करू, सांग.”

“तिला मी घरी आणते. ती माझी आहे.”

शुक्रवारी ऋतुजा शाळेत आली. तिने फोटोतल्या मुलीला खांद्याला धरून हळूच आडवं वळवलं. बाजूने ती कागदाएवढीच जाड होती. ऋतुजाने तिला मराठी आणि गणिताच्या पुस्तकांमध्ये सरकवून दप्तर बंद केलं. देवरे सरांनी व्हरांड्यात अडवलं.

“दाखल्याशिवाय विद्यार्थी कसा सोडायचा?”

“पटावर नव्हती ना सर,” बाई म्हणाल्या.

“हो, ते बरोबर आहे,” सर म्हणाले आणि बाजूला झाले.

आता ती ऋतुजाच्या आईच्या कपाटात असते, साड्यांच्या मागे. रडते, पण बघायला कुणी नसतं. कधीकधी ऋतुजा कपाट उघडून तिच्याजवळ बसते.

पुढच्या शनिवारी वृक्षारोपण होतं आणि सरांना ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता. बाईंनी फोटो कुठे जाणार ते सांगितलं आणि वर्गातल्या एकेकाला विचारलं. दीपाली म्हणाली, हसताना काढा. यशोधन म्हणाला, रोपाभोवती बसून काढा, उभं राहून पाय दुखतात. बाकीच्यांनाही ते पटलं. घरूनही कुणाची हरकत आली नाही.

“माझा नको,” ऋतुजा म्हणाली.

“बरं. मग तू काढ.”

ऋतुजाने मोबाईल हातात घेतला. “बाई, तुम्ही बसणार का?”

बाईंचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते, केस सुटले होते. त्यांनी विचार केला.

“आज नको,” त्या म्हणाल्या.

“बरं,” ऋतुजा म्हणाली, आणि बाई पुरत्या बाजूला होईपर्यंत थांबली.

सोमवारी ऋतुजा सोडून सगळी मुलं दोनदा हजर होती, त्यामुळे वर्गात बाकं कमी पडली. तिसरीच्या वर्गातून मागवावी लागली.