घरपट्टी, बंब आणि यशोदाबाई

अर्ज लिहावा तर मीच! हे स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मॅट्रिकला मराठीत मी वर्गात दुसरी आले होते. पहिली आली ती पुढे नर्स झाली, म्हणजे तिचं लिहिणं सुटलंच, तेव्हा आता पहिली मीच. आमची दुर्गी दुपारची झोपते तेव्हा जो पाऊण तास हाती लागतो, त्यातच हेही लिहिते आहे. तिने कूस बदलली तर एखादं वाक्य अर्धं राहील, सांभाळून घ्या.

आमचे हे आगीच्या बंबावर होते. घराण्यात तीन पिढ्या कारकून. शाईच्या डागापलीकडे नोकरीत कुणाला काही झालेलं नाही. यांनीच तेवढा घंटा वाजली की पितळी टोप चढवून धावत सुटायचा हट्ट धरला. गेल्या वर्षी शिवडीला कापसाच्या गोदामाला आग लागली, भिंत कोसळली आणि यांचा उजवा पाय गुडघ्यापासून निकामी झाला. पण माणूस घरी आला! मी देवापुढे साखर ठेवली आणि पायाचं नाव काढलं नाही.

घर म्हणजे गिरगावच्या वाडीतलं आजेसासऱ्यांनी बांधलेलं घरटं. एक खोली खाली, एक वर. मधला जिना इतका उभा, की मांजरसुद्धा पहिल्या पायरीवर थांबून विचार करतं. यांची नोकरी गेल्यावर घरपट्टी भरायची तर खालची खोली भाड्याने देणं आलं. आणि ती दिली तर यांना रोज तो जिना! कुबड्या घेऊन! एकदा चढून पाहिलं त्यांनी. चौथ्या पायरीवरून जे निघाले ते थेट माझ्या पिठाच्या परातीत. ते हसले. मी नाही हसले.

अशात कळलं, की लोकांचे जीव वाचवताना जायबंदी झालेल्या घरमालकांना घरपट्टी माफ होते. अर्ज तेवढा करायचा.

"मला कुणाची दया नको," हे म्हणाले.

"दया कसली? सगळी मुंबई 'झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडतेय, आणि आपण एवढंसंही मागायचं नाही?"

"ते राज्य मागताहेत, राजी."

"मी खोली मागते आहे!"

अर्ज लिहिला. थोडक्यात आणि ठसठशीत! 'माझे यजमान बंबाच्या कामावर असताना, लोकांसाठी झटताना, राखणदार लवू याचा जीव वाचवताना त्यांचा पाय कायमचा निकामी झाला.' 'आगीच्या' हा शब्द मुद्दाम गाळला. बंबावरचा माणूस म्हटलं की गिरगावात शेंबड्या पोरालाही कळतं, उगाच शाई कशाला!

पंधरा दिवसांनी कचेरीतून तपासनीस आले. तळपदे नावाचे गृहस्थ, बारीक, नाकावर घसरता चष्मा. मोर्च्यामुळे बस बंद, म्हणून चालत आलेले, घामाने निथळत होते. मी ओटीवर बसवलं, पन्हं दिलं. हे आत पडद्याआड रुसून बसले होते.

तळपद्यांनी कागद काढला. "हं. बाई, बंब कुठाय?"

मला हसूच आलं. "अहो, तो घरी कसा असेल? स्टेशनात असतो."

"चर्नी रोडच्या?"

"नाही हो, त्यांच्या त्यांच्या स्टेशनात. तिथं चार आहेत."

"चार बंब! मग रोज पेटवतात?"

"इश्श! पेटवतील कशाला? विझवायला असतात ना!"

तळपद्यांनी चष्मा काढून पुसला. "पेटवत नाहीत. विझवतात. बरं, पुढे?"

"पुढे काय, घंटा वाजली की अर्ध्या मिनिटात पाणी घेऊन निघतो."

"कोण निघतो?"

"बंब!"

"बंब... निघतो?"

"मग! आत सहा माणसं बसतात, दोन बाजूला लटकतात."

तळपद्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "चटके नाही का बसत?"

"बसतात की!" मी अभिमानाने म्हटलं. "पण सवय होते."

हे सगळं समोरच्या घरातून विनीमावशी ऐकत होत्या. विनीमावशी म्हणजे विनिफ्रेडबाई. त्यांच्या खिडकीला पडदा आहे, पण तो आमचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून कायम बाजूला असतो. त्यांना एवढंच कळलं, की साहेबाला बंब पाहायचाय आणि राजीच्या घरी बंब नाही. आता पोरीची माफी जाणार! झालं! पाचव्या मिनिटाला मावशी आणि त्यांचा सेबॅस्टियन, दोघं मिळून आपला आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा भला थोरला बंब ओढत आमच्या दारात! आत निखारे, वर वाफ!

"हा घ्या साहेब!" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "राजीचाच हाय! माझ्याकडे घासायला दिलेला!"

तळपद्यांचा चेहरा उजळला. "अस्सं! म्हणजे याच्यावरच तुमच्या यजमानांचा, गुरुदत्तरावांचा पाय भाजला!"

"भाजला नाही हो, भिंत पडली!"

"बंबावर?"

"बंबावर नाही, यांच्यावर!"

तळपद्यांनी वाकून बंबाभोवती फेरी मारली. "एक पोचासुद्धा नाही," ते पुटपुटले आणि लिहिलं, 'बंब शाबूत.' मग कागद मिटला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. वाडीतल्या लोकांना आंघोळीचं पाणी तापवून देणं हे पुण्याचं काम आहे. पण नियमात बसत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! आंघोळीचं पाणी! माझ्या एका गाळलेल्या शब्दापायी! मला तो जिना दिसला, ती परात दिसली, कुबड्या दिसल्या. डोळ्यांत पाणी आलं ते मावशींना वाटलं वाफेने.

पडदा सरकला. हे बाहेर आले. दाढीचा साबण अर्ध्या गालावर, काखेत कुबड्या. "साहेब, ती आगीच्या बंबाबद्दल बोलतेय. मी फायर ब्रिगेडमध्ये होतो."

तळपद्यांनी कागद पुन्हा उलगडला. मग असे हसले, असे हसले, की त्यांना दुसरा पेला पन्हं द्यावं लागलं. "अहो, आमच्या कचेरीत सगळ्यांची समजूत झाली, की तुम्ही सार्वजनिक न्हाणीघर चालवता! बरं झालं आलो. बसा, बसा! म्हणजे तुम्ही राखणदार लवूचा जीव वाचवलात. सुटलो! फक्त सही करा."

यांनी टाक हातात घेतला. आणि खाली ठेवला.

"तसं नाही साहेब. लवू आधीच बाहेर आला होता."

"अहो!" मी म्हटलं.

"खरं तेच सांगतो. तो बाहेर उभा राहून ऊर बडवत होता, 'माझी यशोदा आत राहिली!' म्हणून. मला वाटलं बायको. गेलो आत. धुरात हाका मारल्या, यशोदाबाई, यशोदाबाई! कोपऱ्यातून उत्तर आलं."

"काय उत्तर आलं?"

"ब्यॅ."

बंबातला निखारा तेवढा तडतडला. यांनी माणूस वाचवल्याचं मी वर्षभर अख्ख्या वाडीला सांगत होते, आणि या माणसाने एकदाही मला थांबवलं नव्हतं! विचारलं की म्हणायचे, "गेलं ते गेलं." मला वाटायचं, केवढा हा मोठेपणा!

"शेळी?" तळपदे घाबरत म्हणाले.

"शेळी. भिंत खचायला लागली होती. पण ती माझ्याकडे बघत होती हो. तसाच कसा फिरणार? उचलली, दाराबाहेर फेकली, आणि मग भिंत आली."

तळपद्यांनी नियमाचा कागद डोळ्यांजवळ नेला. "जीव वाचवताना इजा झाली तर माफी. माल वाचवताना झाली तर नाही. आता शेळी म्हणजे..." त्यांचा आवाज बारीक झाला. "कागदोपत्री ती मालातच धरतात."

"माल?" विनीमावशी कडाडल्या. "शेळीला जीव नाय काय रे? सगळे जीव देवाचे, असं पाद्री म्हणतो ते खोटं? तुला उचलून आगीत ठेवते, मग सांग तू माल की जीव!"

सेबॅस्टियनने त्यांचा हात धरला, कारण निखारे खरंच जवळ होते.

तळपद्यांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा यांच्या पायाकडे. मग जिन्याकडे. तो त्यांनीही ओळखला असावा. अशा वाडीतलेच असणार. टाक उचलला आणि एकेक अक्षर कोरत, मोठ्याने म्हणत लिहिलं, "वाचवलेल्या जिवाचं नाव, यशोदा. राहणार शिवडी." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "पाय किती, असं विचारणारा रकाना यात नाही."

यांनी सही केली. ती दया नव्हती, हे त्यांनाही कळलं असावं.

गेल्या सोमवारी कागद आला. घरपट्टी माफ! खालची खोली आमचीच राहिली. आता आमचे हे ओटीवर बसून दुर्गीला घंटेची नक्कल करून दाखवतात, आणि ती खदखदून हसते. तळपद्यांना मी उकडीचे मोदक पोचवले. मावशींना नवा ब्लाउजपीस दिला. शिवडीला हिरवा पाला पाठवला, कुणासाठी ते लवूला सांगावं लागलं नाही. देवापुढे पुन्हा साखर ठेवली. आता कोणाकोणाचे आभार मानू, असं झालंय.

फक्त कागदाच्या तळाशी एक ओळ आहे. दुसऱ्या कुठल्या तरी कारकुनाच्या हातची. 'नोंद पुरी करण्यासाठी श्रीमती यशोदाबाई यांनी आठ दिवसांत कचेरीत समक्ष येऊन अंगठा द्यावा.'

तेव्हा वाचकहो, शेळीचा अंगठा नेमका कुठला, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून लवकर कळवा. उद्या सातवा दिवस आहे, आणि दुर्गी जागी झा