बुधा नाखव्याचा बर्फातला गळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी सांगतो, घोडपदेवच्या बुधा नाखव्याचे. ऐकणाऱ्याला एखाद्या प्रोफेसराचं नाव हवं असतं. पण माझा बाप मालवणात दुसऱ्यांच्या माडांवर चढायचा, घरात माझ्याआधी कुणी पुस्तक धरलं नव्हतं, आणि मुंबईत कॉलेजच्या चार वर्षांत माळा, दिवा आणि दोन वेळचं जेवण दिलं ते या माणसानं. बदल्यात त्याची पत्रं मी वाचायची, एवढंच.

हा नाखवा रोज संध्याकाळी बर्फात गळ टाकून बसायचा.

गुडघे गेले, होडी सुटली, तेव्हा तो बर्फाच्या कारखान्यात मुकादम झाला. कामगार घरी निघाले की तो एका पिंपात बर्फाचा चुरा नि मीठ भरी, मधे पाण्याचं घंगाळ बसवी. पाण्यावर पापुद्रा धरला की कोयत्यानं भोक पाडून त्यात गळ सोडी आणि पालथ्या पाटीवर बसून राही. भोवती पांढरी वाफ जमिनीलगत हिंडायची. मीही पुस्तक घेऊन तिथंच बसे. वाफेत त्याचे पाय दिसेनासे झाले की वाटे, म्हातारा पाटीसकट कुठंतरी लांब तरंगत चालला आहे.

"नाखवा, आज काय गावलं? पापलेट का कुल्फी?" जाता जाता कामगार विचारत.

"तुजा बापूस गावला. सोडून दिला, कामाचा नव्हता!"

मग तो दोरी वर ओढी. ती काठीसारखी ताठ झालेली असे. "झोपली," तो हळहळे. गोठली हा शब्द त्यानं कधी उच्चारला नाही. पाणी झोपतं, दोरी झोपते, दर्याही झोपतो, असं तो म्हणे.

हे सगळं त्याच्या मुलापायी. धर्मा खलाशी म्हणून गेला तो एका थंड मुलखात आजारी पडून मागं राहिला. त्यानं लिहिलं होतं, 'इथं तळं गोठतं. लोक वरून चालतात, भोक पाडून मासे धरतात. माझी दोरी ताठ होते, गळ भोकात चिकटतो. सगळे हसतात, कोळ्याचा पोर आणि हात रिकामे.'

शेवटचं वाक्य नाखव्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी पिंप आलं.

मी माडांच्या मुलखातला. मोठ्या ऐटीत म्हणालो, "दोरीला खोबरेल लावा." लावलं. दोरीच्या आधी खोबरेलच थिजलं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुजा खोबरेल पौषात बाटलीतून भायेर येत नाय, तो दर्याशी काय भांडनार?"

मग तिळाचं तेल झालं, चरबी झाली. भोकावर पुन्हा पापुद्रा धरे, तो काढायला त्यानं काकीचा, म्हणजे आपल्या बायकोचा, झारा पळवला. काकी कारखान्याच्या दारात येऊन उभी. "वडे काय तुज्या मिशीनं उपसू?" पण धर्मासाठी आहे हे कळल्यावर झारा मागे न घेता गेली.

कधी तो नुसता हातच घंगाळात घालून बसे. "काय करताय?" मी विचारलं. "पोऱ्याचा हात किती वेळ टिकल, बघतंय."

शेवटी मुशी माशाचं तेल आणि मेण यांनी काम केलं. दोरी वाफाळत्या बर्फातून मऊ बाहेर आली. चाळीचा पुरा मजला चार दिवस नाक धरून होता. दोरी एका ओळखीच्या खलाशाबरोबर रवाना झाली. पुडक्यात काकीनं तो झाराही घातला.

उत्तर आलं ते माझी बी.ए.ची परीक्षा संपली त्या दिवशी. संध्याकाळच्या बोटीनं मी गावी निघणार होतो. नाखवा समोर बसला, काकी चुलीपाशी. पत्रात होतं, 'गळाचं काम सोडलं. सामान देऊन टाकलं. आता पावाच्या भट्टीत लागलो आहे.' दोरीचा उल्लेखच नव्हता. म्हाताऱ्याच्या बोटांना अजून मुशीच्या तेलाचा वास होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोरी पोचली. पहिल्याच दिवशी ही एवढी सुरमई लागली."

नाखव्यानं माझ्याकडे पाहिलं. गोड्या पाण्याच्या तळ्यात सुरमई! माझं खोटं मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.  मग तो चुलीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंस गो? पोऱ्यानं सुरमई धरली." काकी पदरानं डोळे पुसत हसली. तो मला बोटीपर्यंत पोचवायला आला.

घरी ट्रंक उघडली तर ते पत्र पुस्तकात माझ्याबरोबरच आलेलं. ते हातात घेतल्यावर मला उमगलं. मी खोटं वाचलं हे त्याला कळलं होतं. मग पत्रात खरं काय आहे, असं त्यानं मानलं असेल? परमुलखात आजारी पडलेल्या पोराचं पत्र खोटं वाचावं लागतं ते कशासाठी? आणि ते मनात धरून तो काकीसमोर हसला होता.

पुढची बोट सुटण्याआधी मी लिहिलं:

"तीर्थस्वरूप नाखवा यांस, साष्टांग नमस्कार.

धर्मा जिवंत आहे. हे आधी.

त्या दिवशी मी खोटं वाचलं. त्यानं मासेमारी सोडली आहे, हे सांगायला जीभ वळली नाही. तुम्ही काय समजलात ते मला इथं आल्यावर कळलं. मला क्षमा करू नका, पण विश्वास ठेवा.

तो पावाच्या भट्टीवर कामाला आहे. अंगात ताप नाही, थंडी बाधत नाही, असं त्यानं लिहिलं आहे. कारखान्यातल्या कारकुनाकडून त्याचं पत्र अक्षर न् अक्षर वाचून घ्या. सोबत धाडतो आहे. कागदाच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात कणीक सुकली आहे, तिच्यात अंगठा उठला आहे. तो धर्माचा. काकीला हात लावून बघू द्या."