पडवीसाठी आईला बोलावणं

सुचिताने घराची पुढची पडवी मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायचं ठरवलं आणि तिच्या नवऱ्याचं, गोटीरामचं सिंहासनच हललं. रबाळ्याच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्याचं सगळं राज्य त्या पडवीतच होतं. खुर्ची, पेपर, चहा आणि घणसोली गावात कोण कुठे चाललं याची बिनपगारी चौकशी. (चौकशी नव्हे हो, काळजी!)

बायकोशी वाद घालून तो तीस वर्षांत एकदाही जिंकला नव्हता. म्हणून त्याने थेट वरचं कोर्ट गाठायचं ठरवलं. रविवारच्या पुरवणीत त्याने वाचलं होतं, की दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत चांगले शिकलेले साहेबलोक टेबलाभोवती बसून मेलेल्यांना बोलवायचे आणि टेबल टकटक करून उत्तर द्यायचं. पुढे ते वेड आपल्याकडे आलं, तेव्हा टेबलाच्या जागी पाट आणि अक्षरांवर फिरणारी वाटी आली.

सुचिता सासूशी जिवंतपणी रोज भांडली, पण वर्षापूर्वी सासू गेल्यापासून फोटोला विचारल्याशिवाय नवी चादरही काढत नव्हती. गोटीरामने नेमकं तेच हेरलं.

"आपुन आयेलाच विचारू," तो म्हणाला. "घर तिचा, पडवी तिची."

सुचिताने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. "विचारा."

भर दुपारी पाटावर खडूने अक्षरं आणि कडेला 'हो', 'नाही' लिहिलं गेलं. काना-मात्रा मावेनात, त्या ज्याने त्याने मनाने लावायच्या. मधे स्टीलची वाटी पालथी. शेजारच्या सरस्वतीवैनी डबा परत द्यायला आल्या होत्या, त्यांनीही कुणी न सांगताच नवरा-बायकोच्या बोटांशेजारी वाटीवर बोट टेकवलं.

"कोनी ढकलत तर नाय ना?" त्यांनी विचारलं.

"गनपतीची शपथ!" गोटीराम म्हणाला. "वाटी मान्साला ढकलताच येत नाय. आत्माच हलवतो."

"सुंदराबाय, आलीस का गो?" वैनींनी गोटीरामच्या आईला हाक मारली.

वाटी 'हो'वर अशी धावली, की गोटीरामचं कोपर वैनींच्या बरगडीत बसलं.

"बय गो! जित्तेपनी गुडघे धरून चालायची," वैनी म्हणाल्या. "वर गुन आला वाटते."

गोटीरामने घसा खाकरला. "आये, पडवी भाड्याने द्यावी काय?"

वाटीने एकही चूक न करता अक्षरांवरून फेरफटका मारला. पडवी देऊ नको. पोराला बसू दे. सकाळी दोनदा चहा दे.

गोटीरामचे डोळे पाणावले. (आपणच ढकललेल्या वाटीने माणूस इतका हळवा होतो, हे त्यालाही नवीन होतं.) "बघ! आयेचा काळीज!"

"बघितला," सुचिता शांतपणे म्हणाली. "पन अवो, आईंना एक अक्षर येत नवता. रेशनकार्डावर अंगठा हाय त्यांचा."

गोटीरामने वर पंख्याकडे पाहिलं.

"वर... वर शिकवीत असतील," गोटीराम पुटपुटला.

"एका वर्सात?" वैनी म्हणाल्या. "माझा नातू तीन वर्सं क्लासला जातो, अजून पाटी कोरी!"

"असू दे, शिकल्या तर चांगलाच हाय," सुचिता म्हणाली. "आता बाबांना पन विचारू. ते तर चौथी पास होते."

दोघी बायकांची नजरानजर झालेली गोटीरामने पाहिली. वाटी हलली. या खेपेला त्याचं बोट नुसतं फरफटत गेलं. पडवी दे. लगेच दे.

'ढकलताय तुम्ही!' हे शब्द त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच बसले. गणपतीची शपथ ताजी होती.

"मंग बाबा, मी बसू कुठं?" त्या दिवसातला हा त्याचा पहिलाच मनापासूनचा प्रश्न.

वाटी थबकली. जरा विचारात पडली. मग अक्षरांवरून निघाली. स्वयंपाकघरात. लसूण सोल.

"दत्तूभाव पयल्यापासून मोजकाच बोलायचे," असं गोटीरामच्या बाबांबद्दल म्हणत सरस्वतीवैनींनी पदर तोंडात कोंबला.

पुढच्याच सोमवारी पडवीत मोबाइलची कव्हरं लटकली आणि गोटीराम आत ताटलीभर लसूण घेऊन बसला.

"अवो," सुचिता म्हणाली, "कांद्याचा काय करायचा? बाबांना विचारू?"

"नको, नको!" गोटीरामने कांद्यांची टोपली स्वतःच पुढ्यात ओढली. "मेलेल्या मान्साला घडीघडी तरास देऊ नये."