सार्वजनिक टेबल

टेलरमास्तरांच्या दुकानासमोरच्या गटाराचे झाकण फुटले. ग्रामकार्यालयाने या घटनेची तातडीने दखल घेतली आणि नवीन झाकण मंजूर होईपर्यंत नागरिकांनी खाली बघून चालावे, असे जाहीर केले.

मास्तरांची आई या आवाहनाला प्रतिसाद देऊ शकली नाही. तिला मोतीबिंदू होता. दळण आणायला निघालेली म्हातारी थेट गटारात गेली आणि मांडीपर्यंतचे प्लास्टर घेऊन घरी परतली.

मास्तरांचा संताप अनावर झाला. त्यांनी दुकानातले कापड बेतायचे टेबल बाहेर ओढले, त्याचे पाय कापले आणि ते गटारावर पालथे घातले.

दुसऱ्याच दिवशी अभियंतासाहेब पाहणीला आले.

"उघडं गटार कुठाय?" त्यांनी विचारले.

"टेबलाखाली."

"म्हणजे उघडं नाही." साहेबांनी समाधानाने मान हलवली. "तक्रार निकाली निघाली. लोकसहभागातून."

"अहो, माझं पोट आहे त्या टेबलावर! तुम्ही झाकण टाका, मी टेबल नेतो."

"झाकलेल्या गटारावर झाकण कसं टाकणार? नियमात बसत नाही."

"मग आधी टेबल काढतो."

"काढून बघा," साहेब सौम्यपणे म्हणाले. "सार्वजनिक मालमत्तेची नासधूस होईल ती."

तेव्हापासून मास्तर आईच्या पलंगावर कापड बेतू लागले. प्लास्टरच्या कडेने विजार आखली जाई. म्हातारी श्वास रोखून पडून राही, कारण ती जरा हलली की गिऱ्हाइकाचा एक पाय आखूड होई.

इकडे गावाला टेबलाची सवय झाली. सवय झाली तशा अपेक्षा वाढल्या. शाळेतल्या बाईंची साडी खिळ्याला अडकून फाटली. त्या तडक मास्तरांकडे आल्या. "जबाबदारी घेतली ना? मग नीट पार पाडा!" मास्तरांनी खिळा ठोकला आणि साडीही रफू करून दिली. मागच्या आळीचे लोक म्हणाले, "आमच्याकडेही गटार उघडं आहे. तुम्ही फक्त स्वतःच्या दारापुरतं बघता." टेबल डुगडुगते म्हणून कार्यालयाने मास्तरांना समज दिली.

"एकदा शब्दानं विचारलं नाही हो कोणी, तुमचं कसं चाललंय म्हणून," मास्तरांची बायको म्हणाली. मास्तर टेबलाखाली विटा सरकवत होते.

पावसाळ्यात लाकूड कुजले. एका सकाळी दूधवाला सायकलसह आणि भरल्या कॅनसह टेबलातून आरपार गेला. त्याला फारसे लागले नाही, पण अख्ख्या गावाचा चहा बुडाला. बघता बघता मास्तरांच्या दारात गर्दी जमली. मागे हाकेच्या अंतरावर ग्रामकार्यालय होते. तिकडे पाठ करून सगळे ओरडत होते.

"माणसाच्या जिवाशी खेळ!" गावप्रमुख कडाडले. "देखभाल जमत नव्हती तर गटार झाकलंत कशाला?"

पलंगावरून म्हातारीने विचारले, "काय रे, मी पडले तेव्हा ही मंडळी कुठं होती?"

"खाली बघून चालत होती," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी मशीन, बायको आणि आईला टेम्पोत बसवून सासुरवाडी गाठली. गावात रीतसर सभा झाली. मास्तरांच्या बेजबाबदारपणाचा एकमताने निषेध करण्यात आला. झाकणाचा विषय वेळेअभावी राहिला.

गटार अजून उघडेच आहे. तिथून जाणारा प्रत्येक जण जपून पाय टाकतो आणि मास्तरांच्या नावाने बोटे मोडतो. पण तुम्ही गावकऱ्यांना हसण्याचे कारण नाही. मघाशी लाकूड कुजले तेव्हा तुमच्याही मनात आलेच असेल, की मास्तरांनी त्यावर निदान पत्रा तरी ठोकायला हवा होता.