पन्नासच्या आत

आमच्या गावातून कराडला जाणाऱ्या एका जीपमध्ये बसायचं तर आधी हजेरी द्यावी लागते. शाळेत रोज चाळीस पोरांची हजेरी मी घेते, पण त्याच्या तासभर आधी माझी घेतली जाते. जीपच्या दाराशी उभं राहून आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा. पुटपुटलात तर पुन्हा म्हणावा लागतो. "एक, दोन, तीन" करत आकडा नवावर आला की श्रीपतीतात्या दार लावतात आणि दहाव्या माणसाला, मग तो सख्खा मेहुणा का असेना, खाली ठेवतात.

तात्यांनी बावीस वर्षं मिलिटरीत ट्रक चालवला. त्यातली कितीतरी लडाखच्या डोंगरात गेली, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा रस्त्यांवर. हवालदार होऊन परत आले, ऊस थोरल्या भावाच्या हवाली केला आणि वडापाची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप घेतली. आमच्या भागात वडाप म्हणजे सीटवर आठ, मागं सहा, टपावर तीन आणि दाराला लोंबकळणारा एक. तात्यांच्या जीपमध्ये मात्र नऊच. मागच्या बाकड्यांनाही त्यांनी कुठून तरी जाड पट्टे आणून बसवले होते, आणि ते आवळल्याशिवाय जीप सुरू होत नसे. आवळल्यावर श्वास घ्यायला जरा त्रास व्हायचा. त्यावर तात्यांचं म्हणणं असं, की त्रास होतोय म्हणजे श्वास चालू आहे.

इतर जीपा पाऊण तासात कराड गाठायच्या. तात्यांना सव्वा तास लागायचा, कारण हायवे असो की बोळ, काटा पन्नासच्या वर जात नसे. पेठ नाक्याला दुभाजकाच्या फटीतून पलीकडं जायचं असलं की ते जीप थांबवायचे, खाली उतरायचे, दोन्हीकडं बघायचे, पुन्हा वर चढायचे आणि मग निघायचे. मागं हॉर्नचा कल्लोळ व्हायचा. तो त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे.

एकदा मी विचारलं, लडाखात गाडी चालवलेला माणूस पेठ नाक्याला एवढा का दबकतो?

"तितं भ्यालो न्हाई बाई," ते म्हणाले. "तितं समोरून येनारा बी शिकवून सोडलेला असतो. हितं समोरचा कोन हाय, ते देवालाबी म्हाईत नसतं."

त्यांचा एक शब्द गावभर झाला होता, 'डिस्टन्स'. पुढच्या गाडीपासून डिस्टन्स ठेवायचा, कारण ब्रेक लागायला जागा पाहिजे. पण हा नियम ते गाडीपुरता ठेवत नसत. पंगतीत कोणी कोपराला कोपर लावून बसलं की डिस्टन्स. बांधावरून भांडणाऱ्या भावांना सल्ला, डिस्टन्स. पुतण्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या दहा गाड्या त्यांनी मिलिटरीच्या ताफ्यासारख्या एकामागं एक लावल्या, मधे पन्नास-पन्नास पावलं सोडून, आणि कुणीही कुणाच्या पुढं जायचं नाही असा हुकूम दिला. मांडवात पोचेपर्यंत मुहूर्त टळून गेला. भटजी चिडले, मुलीकडचे चिडले. तात्या शांतपणे म्हणाले, "मुहूर्त दुसरा घावतो. नवरा घावत न्हाई."

गाव हसायचं. पोरं त्यांच्या जीपला 'उद्याची गाडी' म्हणायची. आज बसा, उद्या पोचा. आमच्याकडं हेल्मेट आरशाला अडकवायची वस्तू आहे, पोलीस दिसला की ती डोक्यावर जाते. एक किलोमीटर वळसा वाचवायला आम्ही उलट्या बाजूनं हायवेवरून दूध घालायला जातो आणि समोरून येणाऱ्या ट्रकलाच शिव्या देतो. कुणी काही म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं, सटवीनं लिहिलंय ते कुणाला चुकलंय? हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाही. उशीर झाला की मीसुद्धा तात्यांची जीप सोडून भरधाव वडापात बसायची, आणि वेळेवर पोचल्यावर स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

तात्यांना सगळ्यात जास्त छळायचा तो संपत. कराडात एका औषधाच्या दुकानात कामाला होता. तिशीचा, हसरा, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. हजेरीत तो मुद्दाम नंबर चुकवायचा. वाटेत बैलगाडी पुढं गेली की ओरडायचा, "तात्या, बैलानं ओव्हरटेक केला." तात्या समोरच बघत. तरी रोज तो त्यांच्याच जीपला यायचा, कारण त्याच्या बायकोनं, रेखानं, तसं बजावलं होतं.

ऊस तोडणीच्या दिवसांतली एक सकाळ होती. पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दिवा नाही, कांडकी बाहेर आलेली. उजव्या बाजूनं गाड्या सारख्या सुसाट येत होत्या, म्हणून तात्या त्याच्या मागंच राहिले. किलोमीटर गेला, दोन गेले, चार गेले. संपतच्या दुकानात त्या दिवशी माल यायचा होता. पहिल्यांदा त्यानं चेष्टा केली, मग विनवलं, मग आवाज चढवला. शेवटी म्हणाला, मला उतरू द्या, मागून दुसरी जीप येतेय. तात्यांनी जीप कडेला घेतली, खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "उतर." संपत उतरला. त्याच्याबरोबर आणखी दोघं उतरले. माझ्या मांडीवर तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा नसता तर मीही उतरले असते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मागची जीप आली, त्यांना घेऊन आमच्या पुढून वाऱ्यासारखी गेली. संपतनं खिडकीतून हात हलवला.

दहा मिनिटांनी आम्ही तिथं पोचलो. उसाची दुसरीच एक ट्रॉली पंक्चर होऊन हायवेवरच उभी होती. चाकामागं दगड लावलेला, बाकी कसलीही खूण नाही. जीप तिच्यात मागून घुसली होती.

त्यानंतरचे तात्या मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी आमची जीप बरीच मागं, रस्त्याच्या खाली उतरवली. आम्हाला कठड्यापलीकडं शेतात उभं केलं. एकाला लाल टॉवेल देऊन मागं पाठवलं, येणाऱ्या गाड्या थोपवायला. एकाला रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगितलं आणि काय बोलायचं ते शब्दाशब्दानं सांगितलं. तोवर पन्नासेक माणसं जमली होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल वर झाले होते. तात्या त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"मोबाइल खिशात," ते म्हणाले. "हात मोकळं झालं? मग हिकडं या. धरा."

आणि ती माणसं आली. जी बघायला आली होती, ती कुणाचं डोकं मांडीवर घेऊन बसली, कुणी पाणी आणलं, कुणी पत्रा ओढला. रोज ज्याला आम्ही हसायचो, त्याच्या एका शब्दावर पन्नास माणसं हलत होती. चार जखमींना तात्यांनी न हिसकता, मान सांभाळून कसं उचलायचं ते दाखवून बाहेर काढलं. ते चौघंही आज हिंडताहेत, फिरताहेत; आमच्या जीपमधून उतरलेले दुसरे दोघं त्यांतलेच. तिघं जागेवरच गेले होते. त्यात संपत होता. तात्यांनी स्वतःचा शर्ट काढून त्याच्या तोंडावर घातला आणि पोलीस येईपर्यंत बनियनवर, थंडीत, त्याच्या उशाशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गावानं रास्ता रोको केला. उड्डाणपूल झालाच पाहिजे, अशा घोषणा झाल्या. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर संपतपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होते. त्या जागेला काहीतरी आहे असं ठरवून कुणी तिथं नारळ फोडला, कुणी लिंबं टाकली. ट्रॉल्यांच्या मागं चमकत्या पट्ट्या लागल्या. आणि तात्या एका रात्रीत देवमाणूस झाले. सकाळी सहालाच त्यांच्या जीपपुढं रांग लागायची. हजेरी खणखणीत व्हायची. नवी मोटरसायकल घेतलेला तिला पहिला हात तात्यांचा लावून घ्यायला यायचा. म्हाताऱ्या बायका पाया पडायच्या, "आवं तात्या, तुमच्या गाडीत ऱ्हायले त्यास्नी खरचटलं बी न्हाई," म्हणायच्या. तात्या पाय मागं घ्यायचे. ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवला. लोक जमले, हार आला, आणि तात्याच आले नाहीत. माणूस पाठवला तर ते जीपखाली आडवे होऊन कसलातरी नट आवळत होते. बाहेर यायला तयार होईनात.

संपतचं तेरावं झालं तेव्हा रांग निम्मी झाली होती. महिनाभरात आम्ही पुन्हा चौघं-पाचजण उरलो. पट्ट्या गळून पडल्या, दूध पुन्हा उलट्या बाजूनं जायला लागलं. "किती दिस भेऊन ऱ्हायाचं?" असं लोक म्हणायचे, आणि ते त्यांना खरंच पटलेलं असायचं.

एके दिवशी कराडच्या स्टँडवर तात्या काच पुसत होते. मी विचारलं, सत्काराला का आला नाहीत? त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा काच पुसायला घेतली. मग माझ्याकडं न बघता बोलले.

"बाई, मिलिटरीत कोन मधीच उतरतो म्हणला असता तर मी उतरू दिलं नसतं. संपतला दिलं. रोज डोस्कं खायाचा. दार लावताना मनात म्हणलं, बरं झालं, पिडा गेली." काचेवरचा तोच डाग पुन्हा घासत म्हणाले, "दहा मिंटं. दहाच मिंटं ती पिडा हुती माझ्या मनात. आन् मला शाल घालत्यात."

ट्रॉली, दुसऱ्या जीपचा वेग, संपतची घाई, सगळं मला दिसत होतं. त्यांना तेवढं एकच दिसत होतं.

संपतच्या दुकानमालकानं रेखाला त्याच्या जागी कामाला बोलावलं होतं. घरात सासू आणि ती, दोघीच. काम हवंच होतं. पण ती कुठल्याच गाडीत बसेना. एकदा फाट्यापर्यंत चालत गेली, वडापात पाय ठेवला आणि तसाच मागं घेऊन परत आली. हे तात्यांच्या कानावर गेलं. तेव्हापासून ते रोज सकाळी फाट्याला जाण्याआधी जीप तिच्या दारात नेऊ लागले. इंजिन बंद करायचे, पाच मिनिटं बसून राहायचे. हाक नाही, हॉर्न नाही. दार उघडलं नाही की निघायचे. आम्हाला शाळेला, कचेरीला उशीर होत होता. पण कुणी कुरकुर केली नाही. असे किती आठवडे गेले, मला सांगता येणार नाही.

एका सकाळी दार उघडलं. रेखा बाहेर आली, हातात पिशवी, पदर घट्ट खोचलेला. सासू उंबऱ्यात उभी राहिली. पुढच्या सीटवरचा माणूस न सांगता उतरून मागं, माझ्या शेजारी येऊन बसला. रेखा चढली. तात्यांनी तिला नंबर विचारला नाही. किल्ली लावली, पण फिरवली नाही. बावीस वर्षं हुकूम पाळलेला आणि पुढं आम्हा सगळ्यांवर हुकूम सोडणारा तो माणूस मान वळवून हळूच म्हणाला, "पोरी, निघू का?"

ती समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती. गोठ्यातली म्हैस हंबरली, कुणाची तरी बादली विहिरीत आपटली. तात्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तिनं पट्टा ओढून आवळला आणि म्हणाली, "चला."