काळजीचे अर्ज पाच ते साडेपाच

मुलांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा बघू. एक टेबल आहे. त्यावरचं शिवणयंत्र बाजूला सरकवलंय. समोर एक वही, एक रबरी शिक्का आणि खुर्चीत दोन उशा घालून बसलेली आठ वर्षांची मुलगी. टेबलाच्या अलीकडे हातात कागद धरून रांगेत उभे असलेले आजोबा. रांगेत ते एकटेच आहेत, तरी मुलगी सांगते, "जरा मागे सरकून उभे राहा," आणि आजोबा सरकतात. दिसलं ना? मग ऐका.

ही मुलगी म्हणजे भिंगरी. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या पोरीला शाळेतल्या नावाने कोण हाक मारणार? आणि आजोबा तिचेच, बाबांचे बाबा. चौतीस वर्षं ते एका कचेरीत आवक खिडकीवर बसले. आलेला कागद घ्यायचा, क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा. ते निवृत्त झाले, कागद यायचे थांबले आणि आजार यायला लागले.

"मला चकवेल असा आजार अजून जन्माला यायचाय," आजोबा छाती काढून सांगायचे आणि लगेच ती छाती दोन बोटांनी चाचपून बघायचे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी ते भिंगातून वाचत. तिच्यात लिहिलेले सगळे त्रास संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगात हजर होत. एकदा तर गोळी घ्यायचीच राहून गेली होती, तरीही झाले. एकदा कानामागे गाठ सापडली. दुसरा कान चाचपला तर तिथेही तशीच. "दोन्हीकडे पसरलंय," म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःचे कान पुढे करून दाखवलं की ते हाड आहे, माझ्याही कानामागे आहे. घरी परत येताना आजोबांना थोडी काळजी वाटत होती, पण ती डॉक्टरीणबाईंची.

महिन्यात अकरा खेपा झाल्या, तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "काळजी बंद करा असं मी म्हणणार नाही. तिला वेळ ठरवून द्या. रोज अर्धा तास. एरवी मनात आली तर तिला सांगायचं, तेव्हा ये." मग त्यांनी हेही सांगितलं की हे रोजच्या त्याच त्या काळज्यांसाठी आहे, काही नवीन आणि जोराचं दुखलं तर घड्याळ बघत बसायचं नाही. हे दुसरं बोलणं चाललं होतं तेव्हा आजोबा नाडी मोजत होते.

घरी आल्यावर भिंगरीने कारभार हाती घेतला. वेळ पाच ते साडेपाच. एका आजाराला एक अर्ज. अक्षर सुवाच्य हवं. पाचच्या आधी तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही. आजोबांना ही भाषा मातृभाषेसारखी कळली. सकाळी अकराला धडधडायला लागलं की ते कागद घेऊन लिहायला बसत, आणि पाच वाजता अर्ज द्यायची वेळ आली की धडधड कुठे गेलेली असे. भिंगरी कडक आवाजात विचारी, "आत्ता दुखतंय का?" आजोबा खाली मान घालून नाही म्हणत. मग ती शिक्का हाणी. निकाली.

तीन आठवड्यांत एकोणतीस आजार निकाली निघाले. दवाखान्याच्या खेपा थांबल्या. आजोबा इतके खूश झाले की भेटेल त्याला ते हे शिकवू लागले. शेजारच्या काकूंचे गुडघे त्यांनी पाचवर ढकलले. सुनेने डोकं दुखतंय म्हटलं, तर तिलाही कोरा कागद दिला. ती म्हणाली, "बाबा, मला गोळी द्या." ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

आता त्या शनिवारचं सांगतो. शाळेला सुटी होती, आई-बाबा कामावर गेले होते. घरात भिंगरी आणि आजोबा दोघंच. अकराच्या सुमारास भिंगरी पोटावर हात धरून आली आणि पोटात दुखतंय म्हणाली.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. पूर्वीचे आजोबा असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. हे आजोबा शांतपणे हसले आणि त्यांनी विचारलं, "अर्ज कधी घेतात?"

"पाचला," भिंगरी म्हणाली. नियम तिचाच होता. ती थोडी हसलीसुद्धा.

ती जेवली नाही. आजोबांना वाटलं, खेळण्यात भूक मेली असेल. दुपारी घर फार शांत होतं. ना कुठे भांडं पडलं, ना कुणी जिन्यावरून उड्या मारल्या. आजोबांनी त्या शांततेचा आनंद घेतला आणि छान झोप काढली. इतका बिनकाळजीचा दिवस कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, असं त्यांना जागं होताना वाटलं.

पाच वाजता आज आपण साहेब म्हणून ते उशा काढून टाकून खुर्चीत बसले. भिंगरी आली ती कमरेत वाकून, भिंत धरत धरत. तिने कागद पुढे केला. आजोबांनी चष्मा लावला.

'पोट दुखते. आधी मधे दुखत होते. आता उजवीकडे खाली दुखते. उलटी दोनदा. आजोबांना सांगितले नाही कारण पाच वाजले नव्हते.'

त्यानंतर चष्मा कुठे पडला, दार कुणी लावलं की नाही, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात सुनेची चप्पल कशी आली, हे आजोबांना पुढे कधीच सांगता आलं नाही. भिंगरीला खांद्यावर टाकून ते दोन गल्ल्या पळाले. ज्या गुडघ्यांबद्दल त्यांनी सात अर्ज लिहिले होते, ते गुडघे गुपचूप पळत होते.

"पोट! उजवी बाजू! उलट्या!" ते दवाखान्याच्या दारातून ओरडले.

कंपाउंडरने नोंदवहीतून मान वर केली नाही. "आजोबा, पोट मागच्या महिन्यात झालं की. बसा, पुढे चार जण आहेत."

बाकावरची माणसंही त्यांना ओळखत होती. एकाने सरकून जागा केली, पाणी प्या म्हणाला, होईल बरं. भिंगरी नेहमीच त्यांच्याबरोबर येई, आज दमून खांद्यावर झोपली असेल असं सगळ्यांनी धरलं. आजोबा सांगत होते की माझं नाही, हिचं, हिचं, पण धाप लागल्यामुळे शब्द फुटत नव्हता, आणि ती धाप बघून कंपाउंडरने त्यांच्याच दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायला घेतला. निवृत्त झाल्यापासून आपलं दुखणं सांगून सांगून आजोबांनी लोकांचा सगळा विश्वास संपवला होता. नातीसाठी हवा होता तेव्हा चिमूटभरही उरला नव्हता.

शेवटी भिंगरीनेच प्रकरण मार्गी लावलं. ती कंपाउंडरच्या नोंदवहीवर ओकली.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला, भिंगरी किंचाळली आणि बाई स्वतः गाडी काढून त्यांना मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. ॲपेंडिक्स होतं. आई-बाबा पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, वेळेवर आणलंत, पण सकाळीच आणलं असतं तर पोरीने दिवसभर सोसलं नसतं. सुनेने फक्त आजोबांच्या पायातली आपली चप्पल बघितली आणि नजर वळवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाहेरच्या बाकावर आजोबांनी सवयीने स्वतःच्या नाडीवर बोट ठेवलं. मोजायचं सुचेना. त्यांनी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी उशीला टेकून बसली होती. आजोबा तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते त्यांनी रात्रीच ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "चुकलो गं बाळा. तो नियम माझ्यासाठी होता. तुझ्यासाठी नव्हता."

"पण तुम्हीच म्हणायचात, सगळ्यांना सारखा."

"म्हणायचो. तेच चुकलं. आता कधीही, काहीही झालं, तरी लगेच सांगायचं."

भिंगरीने मान डोलावली. थोड्या वेळाने ती चुळबुळली, काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती. तिथे घड्याळ होतं. आजोबांच्या ते लक्षात आलं. ते उठले आणि घड्याळाकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्यासमोर उभे राहिले.

"सांग," ते म्हणाले.

भिंगरीने मान वाकडी केली, त्यांच्या कोपराखालून किती वाजले ते पाहून घेतलं, आणि मगच सांगितलं की तिच्या डाव्या पायाला मुंग्या आल्यात.