इंदूकाकूंच्या सासूबाई

इंदूकाकू रोज संध्याकाळी सासूबाईंच्या पार्श्वभागावर एक हलकी चापट मारायच्या आणि त्यांना घरात घालायच्या. वर ऐकवायच्याही, "व्हा आत. दिवे लागले. या वयात बाहेर हिंडणं शोभतंय व्हय?" अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही घर घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडून हे माझ्या कानावर आलं. शेजारी म्हाताऱ्या माणसाचा छळ चाललाय, पोलिसांना कळवलं पाहिजे, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. मुग्धाने आधी कुंपणावरून डोकावून पाहिलं. सासूबाई तपकिरी होत्या, चांगल्या गुबगुबीत होत्या, आणि आत जाता जाता त्यांनी पिसं फुलवून निषेध नोंदवला.

काकूंकडे अशा चार कोंबड्या होत्या: सासूबाई, मोठ्या जाऊबाई, वन्सं आणि आत्याबाई. चौघींना अहो-जाहो. "आत्याबाई, तुम्ही सकाळीच खाल्लंय, बाजूला व्हा" किंवा "वन्सं, तोंड आवरा." मी मात्र पहिल्या दिवसापासून 'अरे सुहास'. माझ्या हाताखाली ऑफिसात वीसेक माणसं काम करतात. काकू मला कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं विसळायला लावायच्या.

काकू मूळच्या कराडजवळच्या. काका गेले, मग रणजितने, म्हणजे त्यांच्या मुलाने, नातींना सांभाळायला त्यांना इकडे आणलं. नाती मोठ्या झाल्या. रणजितला कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरी मिळाली आणि तो बायकोमुलींसह तिकडच्या अपार्टमेंटमध्ये गेला. काकू म्हणाल्या, मी हितंच बरी. हे घर रणजितने विकलं नाही हे त्याने चांगलं केलं, एवढं मी त्याच्या बाजूने बोलतो. पुढे फारसं बोलता येणार नाही.

काकूंना आपण काहीही सांगितलं, तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: "असं कुठं असतंय होय!" कॅलिफोर्नियात आता पहाट आहे, रणजित झोपला असेल, असं म्हटलं की, "असं कुठं असतंय होय! हितं ऊन चढलंय." इन्शुरन्स असूनही डॉक्टरचं बिल येतं म्हटलं, तरी "असं कुठं असतंय होय!" मी तोंडाचा फटकळ, आहे ते आहे असं सांगणारा. त्यामुळे दिवसातून निदान दोनदा आमचं वाजायचं.

कोंबड्यांचं खुराडं काकूंनी स्वतः बनवलं होतं, तेही नातींच्या बंक बेडमधून. रणजित जाताना तो पलंग इथेच टाकून गेला. काकूंनी स्क्रूड्रायव्हर घेतला, जाळी आणली, वरच्या मजल्यावर बसायला दांड्या टाकल्या आणि खाली अंडी घालायला खोकी ठेवली. आमच्या गल्लीला एचओए, म्हणजे नियम लावणारी घरमालकांची सोसायटी, नाही म्हणून हे खपलं. दिसायला खुराडं झकास होतं. पण त्या पलंगाला जागोजाग सांधे, खाचा आणि स्क्रूंची भोकं होती, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

गेल्या उन्हाळ्यात रणजित, त्याची बायको श्वेता आणि दोघी मुली सुट्टीला आल्या. थोरली रिया दिवसभर सासूबाईंना मांडीवर घेऊन बसायची. चार दिवसांत दोघींच्या हातांवर, मानेवर लाल पुरळ उठलं. खाजवून खाजवून मुली रडकुंडीला आल्या. डॉक्टर म्हणाले, काहीतरी चावलंय. श्वेताने कोंबड्यांकडे पाहिलं, बॅगा भरल्या आणि मुलींना घेऊन हॉटेलात गेली. दोन दिवसांत सगळे परतही गेले. पुढे फोनवर रणजित म्हणाला, "आई, नेक्स्ट समर आम्ही नक्की येतो. पण प्लीज, तोवर कोंबड्यांचं काहीतरी कर."

काकूंनी ते 'काहीतरी कर' मनाला लावून घेतलं. नाती येणार की नाही, हे आता कोंबड्यांवर अवलंबून होतं.

थंडीत सगळं निवांत होतं. एप्रिलमध्ये पुन्हा लक्षणं दिसायला लागली. सासूबाईंचा लाल तुरा फिका पडला. अंडी बंद झाली. दिवेलागणीला चौघी खुराड्याच्या दारापर्यंत यायच्या आणि आत पाऊल टाकायच्या नाहीत. एक चापट पुरायची नाही, मारून मारून आत ढकलावं लागायचं. काकूंनी ठरवून टाकलं, उवा. कराडला कोंबड्यांना उवा व्हायच्या, तेव्हा राख चोळली की जायच्या. मग राख झाली. हळद आणि कडुलिंबाचं तेल झालं. जाऊबाई आठवडाभर पिवळ्याधमक फिरत होत्या, नुकतीच हळद लागलेल्या नवरीसारख्या. शेवटी काकूंनी इंडियन स्टोअरमधून गोवऱ्या आणल्या आणि भरदुपारी परसात धुरी पेटवली. पलीकडच्या गोऱ्या आजोबांनी फायर ब्रिगेडला फोन केला. लाल बंब आला. हेल्मेट घातलेले चार आडदांड लोक धावत मागे आले, आणि काकूंनी त्यांना कोकम सरबत प्यायला लावलं. "एवढ्याशा धुराला एवढी मोठी गाडी? असं कुठं असतंय होय!"

कोंबड्या मात्र तशाच राहिल्या. उलट सासूबाई आता उभ्या उभ्या डुलत असायच्या.

एका सकाळी काकूंनी मला अंडी आहेत का बघायला पाठवलं. मी दांडीच्या खाली हात टेकवला, आणि उचलला तेव्हा हातावर लाल ठिपके चालत होते. मी जे ओरडलो ते मुग्धाला घरात ऐकू गेलं. दिवसभर ऑफिसचं काम बाजूला सारून मी वाचत बसलो आणि संध्याकाळी काकूंना सांगितलं: या उवा नाहीत, या लाल माइट, गोचिडींच्या जातीच्या. कोंबडीच्या अंगावर राहतच नाहीत. दिवसभर लाकडाच्या फटीत दडून बसतात, अंधार पडला की बाहेर येतात, झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. तुम्ही दिवसा कोंबड्या घासताय, आणि माइट आहेत पलंगात.

"असं कुठं असतंय होय! राहायचं एकीकडं आणि जेवायचं दुसरीकडं?"

मी वाद घातला नाही. दांडीखाली उशीचा एक पांढरा अभ्रा बांधला. सकाळी अभ्र्यावर रक्ताचे डाग होते, आणि घड्यांमध्ये माइट भरल्या होत्या. काकूंनी तो अभ्रा उलटापालटा करून पाहिला. मग सासूबाईंना उचलून म्हणाल्या, "म्हणून तुम्ही आत जात नव्हता. आणि मी तुम्हाला मारून मारून आत घालत होते." त्या संध्याकाळी चौघी आमच्या गॅरेजमध्ये मुक्कामाला आल्या. मुग्धाची गाडी त्यानंतर बरेच दिवस रस्त्यावर उभी होती.

पुढचे आठवडे काकू त्या पलंगाशी लढल्या, दुसरा शब्द नाही. सगळे स्क्रू काढले. फळी फळी सुटी केली. उकळतं पाणी ओतलं. माझा स्टीम क्लीनर नेला तो माझ्याकडे परत आलाच नाही. फटींमध्ये एक पांढरी बारीक माती भरायची असते, ती टूथब्रशने भरली. दांड्यांच्या टोकांना व्हॅसलीन थापलं, म्हणजे माइट वर चढताना चिकटून मरतात. माइटची अंडी फटीत राहतात आणि पुन्हा पिल्लं निघतात, म्हणून हे सगळं दर आठवड्याला पहिल्यापासून. नवं खुराडं विकत आणू, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पोरी या पलंगावर झोपल्यात." मी पाणी उकळायला ठेवलं.

मे संपता संपता कोंबड्या घरी गेल्या. रोज सकाळी अभ्रा पांढराशुभ्र निघायला लागला. सासूबाईंचा तुरा रंगावर आला, वन्संनी अंडं दिलं आणि काकूंनी मला त्याचं ऑम्लेट करून घातलं. रणजितची तिकिटं निघाली होती.

"गेल्या ना रे आता नक्की?" काकूंनी विचारलं.

"नक्की कुणीच सांगू शकत नाही, काकू," मी म्हणालो. "लाकडात त्या महिनोन्महिने उपाशी राहतात." खरं तेच सांगितलं.

यावर काकूंनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मुलं यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. तासाभराच्या अंतरावर एक शेतकरीणबाई होती, मोकळ्या रानात कोंबड्या पाळणारी. तिच्याशी काकूंनी परस्पर बोलणं केलं होतं. खोक्यात चौघी मागच्या सीटवर बसल्या. शेतावर पोचल्यावर काकूंनी पिशवीतून कुंकू, तांदूळ आणि नारळ काढला, आणि एकेकीची ओटी भरली. सासूबाईंनी ओटीतले तांदूळ तिथल्या तिथे खायला सुरुवात केली. शेतकरीणबाई आदराने टोपी काढून उभी राहिली. तिला वाटलं हा काही धार्मिक विधी आहे, आणि तसा तो होताच.

 परतताना मी विचारलं, कोंबड्यांना ही नावं का ठेवली होती. माझा समज, काकू सासरच्यांवर जुनं उट्टं काढत असाव्यात.

"उट्टं कसलं," त्या म्हणाल्या. "मी घरात धाकटी. लग्न झाल्यापासून दिवसभर ह्याच हाका. सासूबाई, चहा ठेवू? जाऊबाई, भाकरी टाकू? कंटाळा यायचा रं. आता एकेक करून सगळी गेली. फोनमध्ये नंबर हायत, उचलायला कुणी नाही. मला हाक मारणारं नसलं तर नसू दे. पण मी कुणाला हाक मारू? त्या तोंडातल्या हाका तोंडातच राहायला लागल्या होत्या. म्हणून ठेवली नावं."

"मग दिल्यात कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच. मला रणजितचा राग आला होता आणि तो काकूंवर निघत होता.

"पोरींना परत चावलं तर श्वेता पुन्हा आणायची नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "नाती जिवंत हायत. त्यांना हाका मारता येतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी रणजितची गाडी लागली. मी मुद्दाम अंगणात होतो. रिया गाडीतून उतरली ती आजीला बिलगली आणि तशीच धावत मागे गेली. तिच्या हातात वाळलेल्या अळ्यांची पिशवी होती, सनीव्हेलहून आणलेली, सासूबाईंसाठी. आम्ही मागे पोचलो तेव्हा ती रिकाम्या खुराड्याची जाळी धरून उभी होती.

"आजी, व्हेअर इज सासूबाई?"

"माहेरी गेल्यात," काकू म्हणाल्या.

रणजितला समजायला वेळ लागला. "आई, अगं, मी क्लीन करायला सांगितलं होतं. देऊन टाक असं कधी म्हटलं? आत्ता जाऊन परत आणू या."

"ओटी भरून पाठवलेल्या बाया लगेच माघारी आणायच्या? असं कुठं असतंय होय." आवाज नेहमीचा नव्हता.

रियाचे डोळे भरले. ती भराभर इंग्रजीत बोलायला लागली: मला चावलं तर चावलं, एकच दिवस खाजलं होतं, मला त्याचं काहीच नव्हतं. हॉटेलात नको जाऊ या असं मी मम्मीला सांगितलंही होतं. मी वर्षभर सासूबाईंची वाट बघत होते.

काकूंना तिचं भरधाव इंग्रजी निम्मंही कळत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतीय रं ती?"

"भूक लागलीय म्हणते," मी म्हणालो.

"मग उन्हात काय उभं केलंय पोरीला!" काकू लगबगीने आत गेल्या, आणि स्वयंपाकघरातून तवा ठेवल्याचा आवाज आला. रणजित मान खाली घालून बॅगा काढायला गेला. मी रियाला म्हटलं, आत्ता जे बोललीस ते आजीला पुन्हा सांगू नकोस. का, असं तिने विचारलं नाही. अळ्यांची पिशवी तिने खुराड्यात ठेवली, बाहीने डोळे पुसले आणि आत जाऊन मोठ्याने म्हणाली, "आजी, भूक लागली."